आरोपी शोधणं पुरे, बीपी मोजा

एचआयव्हीसह जगणाऱ्या माणसाला पन्नाशीच्या आत हार्ट अटॅक आला की चर्चेला तीन फाटे फुटतात. एक जण म्हणतो, ही त्या गोळ्यांचीच करणी; वीस-वीस वर्षं रोज औषध पोटात गेल्यावर दुसरं काय होणार? दुसरा म्हणतो, औषधांना बोल लावू नका, रक्तवाहिन्या पोखरतो तो विषाणूच. तिसरा जरा दबक्या आवाजात विचारतो, सिगारेट ओढायचे ना? तिघांकडेही थोडेफार पुरावे आहेत आणि तिघेही ते एकमेकांना गप्प करायला वापरतात. ज्याच्या छातीत कळ आली त्याच्या पदरात मात्र काही पडत नाही. माझं म्हणणं असं की, दोष कुणाचा याचा निकाल लागो न लागो, हृदयाची काळजी हा एचआयव्हीच्या उपचाराचाच भाग मानला पाहिजे. जिथे एआरटीच्या, म्हणजे विषाणू दाबून ठेवणाऱ्या, गोळ्या मिळतात त्याच टेबलावर रक्तदाब मोजला जावा, तंबाखूची विचारपूस व्हावी, आणि चाळिशी ओलांडलेल्याला स्टॅटिन हे कोलेस्टेरॉल उतरवणारं औषध सुरू करायचं का, हेही तिथेच ठरावं.

हा प्रश्न मुळात यशातून आलेला आहे, हे विसरून चालणार नाही. १९९६च्या आधी एड्सच्या वॉर्डात हृदयविकाराची चिंता करायला कुणाला उसंत नव्हती. माणूस तेवढा जगतच नव्हता. तीन औषधांचा एकत्रित उपचार आला आणि मरणाच्या दारातून लोक परत आले. २०२३च्या अखेरीस जगात सुमारे ४ कोटी लोक एचआयव्हीसह जगत होते आणि त्यांतले ३ कोटींहून अधिक उपचारावर होते. ही माणसं आता वयस्क होत आहेत. २०१८ साली ‘सर्क्युलेशन’ या हृदयविकारावरच्या नियतकालिकात आलेल्या एका मोठ्या संकलनात त्यांचा हृदय-रक्तवाहिन्यांच्या आजाराचा धोका इतरांच्या साधारण दुप्पट दिसला. अमेरिकेतल्या ८२ हजारांहून अधिक माजी सैनिकांच्या अभ्यासात वय, धूम्रपान, रक्तदाब, मधुमेह, कोलेस्टेरॉल हे सगळे हिशोबात धरूनही हार्ट अटॅकचा धोका दीडपटीच्या आसपास उरलाच. म्हणजे ‘वय झालं की होतंच’ हे उत्तर पुरत नाही.

औषधांकडे बोट दाखवणाऱ्यांचं म्हणणं आधी घेतो, कारण ते हवेतलं नाही. सुरुवातीच्या प्रोटीज इनहिबिटर गटातल्या गोळ्यांनी रक्तातली चरबी भसाभस वाढायची. स्टॅव्ह्युडिन या जुन्या औषधाने गाल बसायचे, हातपाय काटकुळे व्हायचे. चेहरा पाहून शेजारीपाजारी निदान करून मोकळे व्हायचे. २००३ साली २३ हजारांहून अधिक रुग्णांच्या डी-ए-डी अभ्यासाने दाखवलं की, उपचाराच्या प्रत्येक जादा वर्षागणिक हार्ट अटॅकचा धोका २६ टक्क्यांनी चढत होता. २००८ साली त्याच अभ्यासातून अबॅकॅव्हिरचं नाव पुढे आलं: हे औषध सध्या किंवा नुकतंच घेतलेल्यांत धोका जवळपास दुप्पट. पुढे औषधचाचण्यांच्या एकत्रित तपासणीत तो संबंध दिसला नाही, आणि तो वाद अजून धुमसतोच आहे. तरी पर्याय हाताशी असताना हृदयविकाराचा धोका असलेल्याला अबॅकॅव्हिर का द्यावं, हा प्रश्न मला रास्त वाटतो.

पण या आकड्यांवरून काय निष्कर्ष काढायचा? एकेकाळी बऱ्याच शहाण्या डॉक्टरांनी काढलेला निष्कर्ष असा होता: औषधांनी इजा होते, मग सीडी४, म्हणजे विषाणू ज्यांना मारतो त्या प्रतिकारपेशींचं प्रमाण, चांगलं असताना औषधांना सुट्टी द्यावी आणि पेशी घसरल्या की परत सुरू करावं. ऐकायला तर्कशुद्ध. हे तपासायला ३३ देशांतल्या ५,४७२ लोकांवर ‘स्मार्ट’ नावाची चाचणी झाली. अर्ध्यांनी अखंड औषध घ्यायचं, अर्ध्यांनी सीडी४ २५० खाली जाईपर्यंत थांबायचं. जानेवारी २००६मध्ये ती मध्येच आवरती घ्यावी लागली. सुट्टी घेणाऱ्यांत संधिसाधू आजार किंवा मृत्यू अडीचपटीहून जास्त होते, हे एकवेळ अपेक्षितच म्हणू. अनपेक्षित होतं ते हे की हृदय, मूत्रपिंड आणि यकृताचे गंभीर आजारही औषध थांबवलेल्यांतच जास्त, सुमारे १.७ पट, निघाले. औषधच खलनायक असतं तर सुट्टीने हृदयाला आराम मिळायला हवा होता. झालं उलटं. नुसत्या हृदयविकाराचा आकडा वेगळा काढला तर तो सांख्यिकीच्या उंबरठ्यावर घुटमळतो, हा टीकाकारांचा आक्षेप खरा आहे. पण कौल कुठल्या बाजूला झुकतो याबद्दल शंका राहत नाही.

औषधाच्या विषारीपणाचा युक्तिवाद बेफाम सुटला की काय होतं, हेही जगाने पाहिलंय. दक्षिण आफ्रिकेत थाबो म्बेकींच्या सरकारने झिडोव्ह्युडिन या एचआयव्हीच्या औषधाला विष ठरवत औषधवाटप रेंगाळत ठेवलं. आरोग्यमंत्री लसूण आणि बीट सुचवत राहिल्या. हार्वर्डच्या संशोधकांनी २००८ साली केलेल्या हिशोबानुसार त्या धोरणापायी ३ लाख ३० हजारांहून अधिक जीव गेले. आज ‘गोळ्यांनी हार्ट अटॅक येतो’ असं अर्धवट वाक्य फिरवणाऱ्यांचा हेतू म्बेकींसारखा नसेलही. पण ते वाक्य वाचून ज्याने डोस सोडला त्याला तुमचा हेतू विचारून काय करायचंय?

मग विषाणूवाले जिंकले? तसंही नाही. ‘व्हायरल लोड (रक्तातलं विषाणूचं प्रमाण) दाबला की हृदय सुरक्षित’ ही त्यांची समजूतही पुढे टिकत नाही. संसर्गाच्या पहिल्या काही आठवड्यांत विषाणूचा सगळ्यांत मोठा घाला पडतो तो आतड्यांच्या अस्तरातल्या सीडी४ पेशींवर. ते अस्तर पुढे पूर्ववत होत नाही. आतड्यातल्या जिवाणूंचे अंश झिरपून रक्तात येत राहतात आणि रोगप्रतिकारशक्ती कायम दक्षतेवर राहते. मोनोसाइट या पांढऱ्या पेशी चिडलेल्या, इंटरल्युकिन-६ हे दाहाचं रसायन चढलेलं, रक्त गोठण्याकडे कललेलं. बाहेरून काही कळत नाही. माणूस ठणठणीत, रिपोर्टवर विषाणू ‘आढळला नाही’, आणि आत धमनीच्या भिंतीत मऊ, अजून चुना न साचलेला प्लाक, म्हणजे चरबीचा थर, वाढतोय. हा मऊ प्लाकच फुटायला सोपा. त्यामुळे धमन्यांतला चुना मोजणारा कॅल्शियम स्कोअर शून्य आला म्हणून निर्धास्त व्हावं अशी ही स्थिती नाही. औषधांनी हा दाह पुष्कळ कमी होतो, पूर्ण विझत नाही. संधिवाताच्या, म्हणजे ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिसच्या रुग्णांतही अशाच धुमसत्या दाहापायी हृदयविकार वाढतो, हे डॉक्टरांना कधीपासून ठाऊक आहे. तिथे कुणी विचारत नाही की तुम्ही नेमकं काय केलंत म्हणून तुम्हाला हा आजार झाला.

इथे तिसरा पक्ष येतो, आणि त्याची बाजू मी सगळ्यांत भक्कम मानतो. डेन्मार्कमध्ये एचआयव्हीचा उपचार मोफत आणि सुसूत्र आहे. तिथल्या २०१३च्या अभ्यासात निघालेला हिशोब असा: पस्तिशीतल्या एचआयव्हीबाधित धूम्रपान करणाऱ्याच्या आयुष्यातून सिगारेट १२ वर्षांहून अधिक नेते, तर विषाणू ५ वर्षांच्या आसपास. नीट उपचार मिळत असतील तर विषाणूपेक्षा सिगारेट दुपटीहून जास्त आयुष्य खाते! हे वाचून कुणी म्हणेल, मग स्टॅटिन आणि दाहाच्या गप्पा कशाला, लोकांना बिडी-सिगारेट सोडायला सांगा. मान्य. पण सांगतंय कोण? याच आकड्याचा सरळ अर्थ असा की एआरटी केंद्रातल्या समुपदेशकाचं पहिलं काम गोळ्यांइतकंच तंबाखूबद्दल बोलणं हे असायला हवं, निकोटीनच्या पट्ट्या आणि गम तिथेच मिळायला हवेत. प्रत्यक्षात हा आकडा वापरला जातो तो हात झटकण्यासाठी. एचआयव्ही नसलेला सिगारेट ओढणारा छाती धरून आला तर त्याला आपण अँजिओप्लास्टीच्या टेबलावर नेतो आणि प्रवचन नंतर देतो. एचआयव्ही असलेल्याच्या वाट्याला प्रवचन आधी का? विषाणूबद्दल जो नैतिक निवाडा उघडपणे करायची आता चोरी झाली आहे, तो तंबाखूच्या आडून केला जातोय, असा मला दाट संशय आहे.

कर्करोगाच्या जगात हेच सगळं आधी घडून गेलंय. हॉजकिन लिम्फोमा हा एकेकाळचा जीवघेणा आजार छातीवरच्या किरणोत्सर्गाने आणि मिश्र औषधांनी बरा होऊ लागला. विशीतली पोरं वाचली, संसाराला लागली, आणि वीस-पंचवीस वर्षांनी त्यांच्या धमन्या आणि झडपा दगा देऊ लागल्या. या वाचलेल्यांत कर्करोग सोडून मृत्यूचं सगळ्यांत मोठं कारण हृदयविकार ठरलं. तिथे डॉक्टर काय करत बसले? ‘दोष किरणांचा की कर्करोगाचा’ यावर दोन तट पाडून बसले नाहीत. नव्या रुग्णांसाठी किरणांचा डोस आणि क्षेत्र कमी केलं, जुन्यांना बोलावून त्यांची हृदयं तपासायला घेतली, आणि त्यातून कर्करोगग्रस्तांच्या हृदयाची काळजी ही एक शाखाच उभी राहिली. एचआयव्हीत पहिला अर्धा भाग झालाय: स्टॅव्ह्युडिन गेलं, जुने प्रोटीज इनहिबिटर मागे पडले, डोल्युटेग्रॅव्हिर हे नवं औषध आलं. दुसरा अर्धा, म्हणजे ज्यांनी ती जुनी औषधं दहा-दहा वर्षं गिळली त्यांना शोधून तपासणं, तो मात्र बहुतेक ठिकाणी कुणाच्याच कामाच्या यादीत नाही.

आता स्टॅटिन. २०२३च्या जुलैमध्ये ‘रिप्रीव्ह’ चाचणीचे निकाल आले आणि वादाचा पोतच बदलायला हवा होता. भारत, ब्राझील, थायलंड, युगांडा, दक्षिण आफ्रिका, अमेरिका धरून १२ देशांतले ७,७६९ लोक, वय ४० ते ७५, सगळे उपचारावर, आणि मुख्य म्हणजे धोका कमी किंवा मध्यम, एरवी ज्यांना कुणी स्टॅटिन दिलं नसतं असे. अर्ध्यांना रोज ४ मिलिग्रॅम पिटाव्हास्टॅटिन, अर्ध्यांना नुसती तशी दिसणारी गोळी. सुमारे पाच वर्षांनंतर औषध घेणाऱ्यांत हार्ट अटॅक, पक्षाघात वगैरे गंभीर घटना ३५ टक्क्यांनी कमी. फायदा इतका स्पष्ट दिसला की चाचणी मुदतीआधी थांबवली. कोलेस्टेरॉल जेवढं उतरलं त्यावरून जेवढा फायदा व्हायला हवा त्याहून तो जास्तच होता. ज्यांचा हिशोबी धोका किरकोळ होता अशा अमेरिकेतल्या उपगटाच्या सीटी तपासणीत, औषध सुरू व्हायच्या आधीच, जवळपास निम्म्यांच्या धमन्यांत प्लाक सापडला होता.

विरोधक म्हणतात, ३५ टक्के हा आकडा ऐकायला मोठा, पण प्रत्यक्षात किती? दर हजार माणसांमागे वर्षाला ७ घटनांच्या जागी ५. एक घटना टाळायला १०६ जणांनी पाच वर्षं रोज गोळी घ्यायची. शिवाय मधुमेह ४ टक्क्यांवरून ५.३ टक्क्यांवर, स्नायूंच्या तक्रारी १.४ वरून २.४ वर. आणि जो माणूस आधीच आयुष्यभराच्या गोळ्यांना कंटाळलाय त्याच्या हातावर आणखी एक? हा आक्षेप मी हलका मानत नाही, आणि रिप्रीव्हच्या जाहिरातवजा बातम्यांनी तो लपवला याचा मला रागच आहे. परंतु १०६ हा आकडा वाईट आहे का, हे कशाशी ताडून ठरवायचं? निरोगी माणसांत हृदयविकार टाळण्यासाठी आपण सर्रास जे उपचार करतो, सौम्य रक्तदाबाच्या गोळ्या धरून, त्यांचे आकडे याच पट्टीतले असतात. तिथे कुणी भुवई उंचावत नाही. शिवाय हा हिशोब फक्त पाच वर्षांचा. पंचेचाळिशीतल्या माणसाला अजून तीस वर्षं जगायचंय. आणि कंटाळ्याचं म्हणाल, तर तो निर्णय आकडे समोर ठेवून त्या माणसाने घ्यावा. ‘तुम्हाला कंटाळा येईल’ असं परस्पर ठरवून त्याला विचारायचंच नाही, हा कसला कळवळा? पिटाव्हास्टॅटिन अनेक देशांत महाग किंवा दुर्मिळ आहे, हे खरं. म्हणूनच २०२४च्या अमेरिकी मार्गदर्शक सूचनांनी ॲटॉरव्हास्टॅटिन आणि रोसुव्हास्टॅटिनचेही पर्याय दिले. ती जुनी, जेनेरिक, स्वस्त औषधं आहेत. एचआयव्हीबाधितांत इतकी मोठी चाचणी त्यांच्यावर झालेली नाही, एवढी उणीव त्यात आहे, ती मान्य करून पुढे जायला हरकत नसावी.

आणखी एक बारीक मुद्दा टीकाकार सहसा मांडत नाहीत, पण मांडायला हवा. धोका मोजायची नेहमीची गणितं एचआयव्हीबाधितांना लागू पडत नाहीत, असं आपण म्हणतो तेव्हा ती फक्त कमी मोजतात असं गृहीत धरतो. रिप्रीव्हच्या माहितीत श्रीमंत देशांतल्या स्त्रियांचा आणि कृष्णवर्णीयांचा धोका गणिताने कमी दाखवला, पण गरीब आणि मध्यम उत्पन्नाच्या देशांत तो उलट जास्त दाखवला. म्हणजे सरसकट ‘सगळ्यांना द्या’ म्हणणाऱ्यांनाही इथे थबकावं लागेल. माझा यावरून निष्कर्ष वेगळा आहे. गणित डळमळीत असेल तर माणसाकडे जास्त बारकाईने पाहावं लागतं, आणि ते पाहणारी जागा हवी. आकडा नुसता लिहून ठेवून भागत नाही. १९३७ साली अमेरिकेचे अध्यक्ष फ्रँकलिन रूझवेल्ट यांचा रक्तदाब १६२/९८ होता, १९४१ साली १८८/१०५. वयोमानाप्रमाणे ठीक आहे, असं त्यांचे खासगी डॉक्टर सांगत राहिले. १२ एप्रिल १९४५ रोजी मेंदूत रक्तस्राव होऊन ते गेले. शेवटचा आकडा ३००/१९०. मोजलं जात होतं, लिहिलं जात होतं. फ्रेमिंगहॅमचा हृदयविकाराच्या कारणांवरचा प्रसिद्ध अभ्यास १९४८ साली सुरू झाला आणि ‘वयोमानाप्रमाणे ठीक’ हे किती महागात पडतं ते आकड्यांनी कळायला पुढची दहा-बारा वर्षं गेली.

आजच्या एआरटी केंद्रातली नेहमीची भेट कशी असते? वजनकाट्यावर उभं राहायचं. खोकला, ताप, रात्रीचा घाम, वजनातली घट, हे क्षयरोगाचे चार प्रश्न. उरलेल्या गोळ्यांची मोजणी. व्हायरल लोडचा कागद, त्यावर समाधानाची मान डोलवणं. रक्तदाबाचा पट्टा कधी बांधला जातो, कधी टेबलाच्या कडेला गुंडाळलेला राहतो. बांधला आणि १५८/९६ आला, तर तो आकडा फाइलीत जातो आणि वाक्य येतं: बीपीचं दुसरीकडे दाखवा. दुसरीकडे म्हणजे दुसरा दिवस, दुसरी रांग, दुसरी फाइल, आणि ‘आधीची औषधं कोणती चालू आहेत?’ हा नको असलेला प्रश्न. कितीजण जातील?

व्यवस्थापकांचं उत्तर तयार असतं. अजून ९० लाखांहून अधिक लोकांना एआरटीच मिळत नाही, २०२५च्या सुरुवातीला अमेरिकेने परदेशी मदत रोखल्यापासून आहेत ती केंद्रं चालवणं जड जातंय, आणि तुम्ही त्यांच्यावर आणखी ओझं टाकता? पैशाची अडचण खोटी नाही, ज्यांना एआरटी मिळत नाही त्यांचा हक्क पहिला, यातही वाद नाही. पण एकत्र केल्याने एचआयव्हीचं काम ढेपाळतं, ही भीती तपासून झालेली आहे. केनिया आणि युगांडातल्या ‘सर्च’ चाचणीत एचआयव्ही, रक्तदाब आणि मधुमेह यांची तपासणी गावोगावी एकत्र झाली. तीन वर्षांनी उच्च रक्तदाब असलेल्यांपैकी ४७ टक्क्यांचा रक्तदाब आटोक्यात होता, तुलनेच्या गावांत ३७ टक्क्यांचा. युगांडा-टांझानियातल्या ३२ आरोग्य केंद्रांत तिन्ही आजार एकाच ठिकाणी हाताळले गेले, त्याचे निकाल २०२३ साली आले: विषाणू दाबलेल्यांचं प्रमाण एकत्र आणि वेगळ्या दोन्ही गटांत ९७ टक्क्यांच्या आसपास. ही काही श्रीमंत देशांची चैन नव्हे. वेगळ्या रांगेचा खर्च आज कुणी भरत नाही असं थोडंच आहे? तो रुग्णाच्या बुडालेल्या दिवसातून जातो, म्हणून हिशोबात दिसत नाही.

कलंकाचा मुद्दा उरतो, आणि कार्यकर्ते तो पोटतिडकीने मांडतात. ‘एचआयव्हीने हृदयविकार होतो’ असं गाजवलंत तर विमावाले आणि मालक आणखी एक दार बंद करतील. घडू शकतं. त्यावरचा उपाय भेदभावाविरुद्ध लढणं हा आहे. धोका झाकून ठेवणं नव्हे, कारण झाकण्याची किंमत आपत्कालीन विभागात वसूल होते. छातीत दुखतंय म्हणून आलेला माणूस आजूबाजूला नातेवाईक उभे असल्याने रिटोनॅव्हिर हे एचआयव्हीचं औषध चालू असल्याचं सांगत नाही. ड्यूटीवरचा डॉक्टर सवयीने टिकाग्रेलर हे रक्ताची गुठळी रोखणारं औषध देतो. रिटोनॅव्हिर यकृतातलं जे एन्झाइम अडवतं त्यानेच टिकाग्रेलरचा निचरा व्हायचा असतो. ते रक्तात साचतं आणि रक्तस्रावाचा धोका वाढतो, तिथे दुसरं औषध द्यावं लागतं. घरी जाताना सिम्वास्टॅटिन लिहिलं तर त्याचंही तेच: स्नायू दुखणं, लघवी चहासारखी गडद, मूत्रपिंड अडचणीत. हे सगळं टाळायला एआरटी केंद्राने आधीच योग्य स्टॅटिन निवडून दिलेलं असणं आणि खिशात ठेवता येईल अशी औषधांची चिठ्ठी असणं पुरतं. ती चिठ्ठी देणाऱ्याला मात्र हृदय आपल्या कामाच्या हद्दीत येतं असं वाटलं पाहिजे.

रिप्रीव्हने ज्यांच्याबद्दल अवाक्षरही काढलेलं नाही, असा एक गट आहे: जन्मतःच विषाणू घेऊन आलेली आणि आता विशी-तिशीत पोचलेली मुलंमुली. त्यांच्या रक्तवाहिन्यांनी विषाणूविना एक दिवसही पाहिलेला नाही. चाळिशीची अट त्यांच्या बाबतीत कितपत अर्थाची, हे ठरवायला तशी चाचणी हवी, आणि या वयात हार्ट अटॅक विरळ असल्याने ती चाचणी हजारो लोक आणि पुष्कळ वर्षं मागेल. तोवर त्यांना स्टॅटिन वाटत सुटा, असं मी म्हणणार नाही. पण दर भेटीत रक्तदाब, डोल्युटेग्रॅव्हिर सुरू झाल्यावर चढणाऱ्या वजनावर नजर, तंबाखूबद्दल बिनउपदेशाचा प्रश्न, शक्य तिथे अबॅकॅव्हिरऐवजी दुसरं औषध, यांतल्या कशालाही नवी चाचणी लागत नाही. आणि अठ्ठावीस वर्षांची एखादी मुलगी जिना चढताना छाती आवळते असं म्हणाली, तर ॲसिडिटीची गोळी देण्याआधी तिचा ईसीजी काढायला हवा.